शेवटच्या आठवड्यात आठवणारं गाणं : आंदोलनांच्या प्रचार समित्यांना खुलं पत्र

प्रति,
जनआंदोलनं, कामगार संघटना आणि नागरिक मंचांच्या प्रचार समित्यांचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मोर्चाची तारीख ठरते, मागण्यांचा मसुदा पक्का होतो, पत्रकार परिषद उरकते. मग उरलेल्या चार दिवसांत कुणाला तरी आठवतं की एखादं गाणं हवं, दोन-चारशे पोस्टरं हवीत आणि जमलं तर रेडिओवरही काहीतरी करू. आम्ही गाण्याची, छपाईची आणि रेडिओची कामं करणारी माणसं. उशिरा बोलावल्याची तक्रार नाही, त्याची सवय आहे. तक्रार ही की तुम्ही या तिन्ही गोष्टींकडे भोंगा म्हणून बघता. आपलं ठरलेलं म्हणणं मोठ्या आवाजात बाहेर टाकायचं, बस. भोंगा म्हणून पाहिलं तर ही माध्यमं पैसेवाल्यांच्या माध्यमांपुढे फिकीच पडणार. त्यांची खरी ताकद उलट येणाऱ्या वाटेत असते: ऐकणाऱ्याला ते गाणं गाता यावं, पाहणाऱ्याला ते पोस्टर छापता यावं, श्रोत्याला त्याच रेडिओवर बोलता यावं. ही परतीची वाट आपोआप तयार होत नाही. गाण्याच्या पट्टीत, छपाईच्या जाळीत, अँटेनाच्या तारेत आणि कार्यक्रमाच्या वेळापत्रकात ती आधीपासून ठेवावी लागते.

गाण्यापासून सुरुवात करू, कारण तिथली चूक सगळ्यांत स्वस्त असते आणि सगळ्यांत जास्त वेळा होते. गायक स्वतःला शोभेल ती पट्टी धरतो. बुवा काळी दोनमध्ये तार गंधारापर्यंत जातात, टाळ्या पडतात, आणि जमाव ऐकत उभा राहतो. न शिकलेल्या गळ्यांसाठी चाल एका सप्तकात बसली पाहिजे. धाव मध्य सा ते तार सा एवढीच असेल तर सा पांढरी एकच्या आसपास ठेवा. पुरुष खालच्या सप्तकात, बायका वरच्या, दोघांचेही गळे ताणले जात नाहीत. चाल मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत फिरत असेल तर सा तीन-चार सुरांनी वर न्या. पेटी नसेल तर गटातल्या सगळ्यांत कमी गाणाऱ्या माणसाला सर्वांत वरची ओळ म्हणायला लावा. तो ती सहज म्हणू शकला तरच ती पट्टी ठरवा.

चाल नवी करायचा हट्ट सोडा. १९३१ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, हार्लन परगण्यातल्या कोळसा खाणीच्या संपात फ्लॉरेन्स रीस यांनी कॅलेंडरच्या पानावर शब्द लिहिले आणि लोकांच्या ओळखीच्या जुन्या चालीवर बसवले. ते गाणं आजही संपांमध्ये गायलं जातं, कारण शिकायची गोष्ट फक्त शब्द होती. मात्र जुन्या चालीवर शब्द बसवताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. ‘मिळवू’ मधल्या ‘मि’वर लांब सूर आला की तो ‘मीळवू’ होतो आणि गर्दी तिथेच अडखळते. कडव्याच्या चार ओळींतल्या तीन कायम ठेवून एकीतला एखादाच शब्द बदलत गेला, तर पुढचं कडवं लोक स्वतः जोडतात. कवीला हे आवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

आता हवेचा हिशेब. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मोर्चा १७० मीटर लांब असला की पुढच्या गाडीवरचा ठोका शेपटापर्यंत अर्ध्या सेकंदाने पोहोचतो, आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत अर्धा सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा. शेपूट बेताल नसतं, उशिरा ऐकत असतं. आयोजक यावर मोठा स्पीकर लावतात. त्याने दुखणं वाढतं, कारण मागच्यांना जवळच्या गाणाऱ्यांचा आणि पुढच्या स्पीकरचा असे दोन ताल ऐकू येतात. दर ३० ते ३५ मीटरवर एक ताल धरणारा ठेवा, आणि त्याने पुढच्याचा आवाज ऐकून नाही तर वर उचललेला हात बघून ठोका द्यायचा. लय चालण्यापेक्षा जलद नको. एकटा माणूस मिनिटाला शंभराच्या वर पावलं टाकतो, पण दाट जमाव त्याहून बराच हळू सरकतो, त्यामुळे ९० च्या आसपास सुरुवात करा. सवाल-जवाबाच्या घाटात ओळ संपल्यावर पूर्ण दोन मात्रा मोकळ्या सोडल्या तर हा उशीर त्या मोकळ्या जागेत जिरतो. हातातल्या भोंग्यातून खर्जातला आवाज आणि ढोलाची घुम जवळजवळ येतच नाही, म्हणून त्यातून गाऊ नका, फक्त पुढची ओळ सांगा; माईक ओठांपासून दोन-तीन बोटांवर आणि भोंग्याचं तोंड गर्दीच्या डोक्यावरून.

एस्टोनियात १९८८ मध्ये लोक लाखांनी जमून गायले, तेव्हा जगाला तो चमत्कार वाटला. तिथे सामुदायिक गायनाचे महोत्सव १८६९ पासून भरत होते. लोकांना एकत्र श्वास कुठे घ्यायचा हे पिढ्यांपासून माहीत होतं. तुमच्याकडे ११९ वर्षं नाहीत. निदान तीन आठवडे द्या, आणि तालमीला मंचावरच्या गटाऐवजी प्रत्येक वस्तीतून दोन माणसं बोलवा.

भिंतीकडे वळू. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या ललितकला महाविद्यालयात विद्यार्थी आणि कलावंतांनी लोककार्यशाळा उघडली. पहिलं पोस्टर शिळाछापावर काढलं तेव्हा जेमतेम ३० प्रती निघाल्या. मग रेशीमजाळीची, म्हणजे स्क्रीन छपाई आली, आणि कुठलं चित्र छापायचं हे रोज सभेत मतांनी ठरू लागलं. कुणाचंही नाव खाली घातलं जात नव्हतं. त्या कार्यशाळेची चित्रं सगळे नक्कल करतात, तिची सभा कुणी करत नाही. तुमच्या समितीत पोस्टर ‘ग्राफिक्स बघणारा मुलगा’ रात्री करतो आणि सकाळी ते सगळ्यांना नुसतं पाठवलं जातं.

स्क्रीन छपाईला मोठं यंत्र लागत नाही. लाकडी चौकट, ताणून बसवलेली जाळी, रबराची पट्टी, पाण्यात मिसळणारी शाई. कापडावर किंवा ठसठशीत अक्षरांसाठी जाळी सेंटीमीटरला ४३ ते ५५ धाग्यांची, कागदावर बारीक रेघा हव्या असतील तर ७७ ते ९०. जाळी कागदाला टेकवून ठेवू नका. चौकटीच्या कोपऱ्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे लावून २ ते ४ मिलिमीटर अंतर ठेवा, म्हणजे पट्टी पुढे सरकताच जाळी उचलली जाते आणि कडा फुटत नाहीत. जाळीवर चित्र उमटवायला प्रकाशसंवेदी लेप लावतात; त्याला उजेड किती वेळ द्यायचा हे कुणी तोंडी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एका पट्टीवर दुप्पट-दुप्पट वेळेचे पाच टप्पे घेऊन बघा. वेळ कमी पडली तर धुताना चित्राच्या कडांसकट लेप निघून येतो, जास्त झाली तर बारीक अक्षरं उघडतच नाहीत. घाई असेल तर लेप विसरा आणि पातळ कागद कापून जाळीखाली ठेवा. पहिल्याच हातात शाई त्याला जाळीशी चिकटवते आणि काही डझन प्रती आरामात निघतात. थांबणार असाल तर दर वेळी जाळीवर शाईचा एक थर ओढून ठेवा. उघडी जाळी दोन-तीन मिनिटांत सुकते, आणि मग नवशिक्याला वाटतं की शाईच खराब आहे.

काम खरं अडतं ते वाळवणीपाशी. दोन माणसं तासाला शंभर पोस्टरं काढतात, प्रत्येक कागदाला वाळायला वीस मिनिटं लागतात, म्हणजे एका वेळी ३३-३४ ओल्या कागदांना जागा हवी. दोऱ्या आणि चिमटे आधी बांधा, मग शाईचा डबा उघडा.

देवनागरीत फवाऱ्यासाठी स्टेन्सिल कापताना एक वेगळीच अडचण येते, ती रोमन अक्षरांच्या पुस्तकांत सापडणार नाही. व, ब, क यांची पोटं मुळातच बंद असतात, प, म यांची शिरोरेषेने बंद होतात, आणि कापताच आतला तुकडा गळून पडतो. शिवाय सलग शिरोरेषा कापली की वरची पट्टी लोंबकळते आणि फवारा तिच्याखाली शिरतो. शिरोरेषा अक्षरागणिक तोडा, पोटाला ५ ते ८ मिलिमीटरचे दोन पूल ठेवा, आणि जोडाक्षरं टाळता येतील असे शब्द निवडा. घोषणा लिहिणाऱ्याला ही अट शब्द लिहिण्यापूर्वीच कळली पाहिजे. अक्षराची उंची ठरवायला ढोबळ हिशेब असा: तीन मीटरवरून सहज वाचायला अडीच सेंटीमीटर, तीस मीटरवरून वाचायला पंचवीस. रफार-उकारांसाठी ओळींमध्ये वेगळी जागा सोडावी लागते, ती धरून फलकावर सहा-सात शब्दांच्या वर काही मावत नाही.

चिकटवायला मैद्याची खळ पुरते. एक वाटी मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग उकळत्या तीन-चार वाट्या पाण्यात ओता आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहा. कच्ची राहिली तर वाळून पिठासारखी सुटते. गार झाल्यावर वापरा. दोन-तीन दिवसांत आंबते. कागद ८० ग्रॅमच्या आत ठेवा, जाड कागदाच्या कडा उचकटतात. खळ लावून मिनिटभर कागद भिजू द्या, तो फुगायचा तेवढा फुगतो आणि मग भिंतीवर सुरकुत्या पडत नाहीत. साध्या इंकजेटवर छापलेलं पोस्टर खळीत विरघळून निळं-जांभळं होतं; लेसर किंवा स्क्रीनची छपाई टिकते. भिंतीच्या मालकाला विचारा. विचारून लावलेलं पोस्टर मालकच राखतो.

पोस्टरची परतीची वाट म्हणजे त्याची मूळ फाइल, चित्र एका थरात आणि मजकूर दुसऱ्या थरात, शिवाय साध्या घरगुती आकाराच्या कागदांवर तुकड्यांत छापता येईल अशी दुसरी प्रत. मजकुराची जागा रिकामी असलेलं एक रूप मुद्दाम सोडा. दुसऱ्या गावात, दुसऱ्या बोलीत ती जागा कोण भरेल हे तुम्ही ठरवू नका.

रेडिओबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण इथे समित्यांचा पैसा सगळ्यांत जास्त वाया जातो. पहिला प्रश्न नेहमी येतो: किती वॉटचा? चुकीचा प्रश्न आहे. एफएमची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. अँटेनाच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्या, त्याला ४.१२ ने गुणा. रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. १० मीटरवर १३ किलोमीटर, ३० मीटरवर २२-२३. हे क्षितिज, पोहोच नव्हे. पोहोच त्याहून बरीच कमी असते. अमेरिकेत लो-पॉवर एफएमला १०० वॉट आणि भोवतालच्या भूभागापेक्षा ३० मीटर उंची मिळते, त्यात खात्रीचा पल्ला साधारण ५.६ किलोमीटर धरतात. शक्ती दुप्पट केली तर ३ डेसिबल मिळतात. अँटेनाची उंची दुप्पट केली तर मोकळ्या सपाट भागात सहाच्या आसपास. पैसे मनोऱ्यावर घाला.

मग तारेवर. आरजी-५८ ही पातळ केबल स्वस्त म्हणून घेतली आणि ३० मीटर ओढली, तर शंभर वॉटांतले जवळपास दोन तृतीयांश केबलमध्येच उष्णता होऊन जातात. आरजी-२१३ वापरली तर वर साठ-पासष्ट पोहोचतात. अर्ध्या इंची फोम केबलमधून पंच्याऐंशीच्या आसपास. म्हणजे नुसती केबल बदलून ट्रान्समीटर अडीच पट झाला. द्विध्रुव अँटेनाची लांबी १४३ भागिले मेगाहर्ट्‌झ: ९८ ला एकूण १.४६ मीटर, प्रत्येक भुजा ७३ सेंटीमीटर. अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारं स्थिर तरंगांचं प्रमाण, ज्याला एसडब्ल्यूआर म्हणतात, १.५ च्या आत असलं तर परत येणारी शक्ती ४ टक्के. २ ला ११ आणि ३ ला पुरी पाव. ती पाव परत येऊन शेवटचा ट्रान्झिस्टर जाळते. पावसाळ्यात अचानक एसडब्ल्यूआर वाढला तर अँटेनाला दोष देण्याआधी वरच्या जोडात पाणी शिरलंय का ते बघा; जोडाखाली केबलला वळसा देऊन थेंब गळायची जागा ठेवली असती तर शिरलं नसतं. अँटेना किंवा ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोधक) जोडल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, एका सेकंदासाठीही नाही.

जुळणी घरी केली असेल तर बाहेर पडताना लो-पास फिल्टर, म्हणजे वरच्या नको असलेल्या लहरी अडवणारी जोडणी, हवाच. ९८ च्या दुप्पट लहरी (हार्मोनिक) १९६ मेगाहर्ट्‌झवर जातात, तिथे अनेक देशांत टीव्ही असतो. एफएमच्या पट्ट्याला लागूनच, १०८ च्या वर, विमानांच्या दिशादर्शनाचा आणि संभाषणाचा पट्टा सुरू होतो. तिथे कचरा टाकणाऱ्या केंद्राची बाजू कुणी घेऊ शकत नाही, आम्हीही घेणार नाही.

परवान्याचं आधी बघा. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या प्रॉमिथियस रेडिओ प्रोजेक्ट या संस्थेने काही दिवसांत सगळ्यांनी मिळून केंद्र उभारायचे मेळावे घेतले आणि त्याच वेळी कायद्याचाही पाठपुरावा केला. जानेवारी २०११ मध्ये स्थानिक सामुदायिक रेडिओचा कायदा सहीनिशी झाला. परवाना मिळतच नसेल तर लहान व्हा. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेत्सुओ कोगावा आणि त्यांच्या साथीदारांनी परवाना न लागण्याइतक्या क्षीण लहरींवर मिनी एफएम चालवलं. पल्ला काहीशे मीटर. पल्ला एवढा छोटा असला की श्रोता चालत स्टुडिओत येतो, आणि कोगावांच्या दृष्टीने त्यातच गंमत होती. क्षीण लहरींची मर्यादा देशागणिक फार वेगळी आहे. अमेरिकेत एफएमला ती जेमतेम ६० मीटरची ठरते. तेवढ्यात भागत नसेल तर मेमरी कार्ड, फोनवरची ध्वनिपेटी (फोन लावून ऐकायची किंवा निरोप ठेवायची सोय), बाजारातला स्पीकर यांवर तोच कार्यक्रम वाजवा.

दुसरी वाट तयार ठेवण्याचं कारण सर्बियातल्या बेलग्रेडच्या बी-९२ या रेडिओ केंद्राकडून शिकावं. ३ डिसेंबर १९९६ ला सरकारने त्यांचं प्रक्षेपण तोडलं. त्यांनी बातम्या इंटरनेटवरून सोडल्या, परदेशी केंद्रांनी त्या उचलल्या आणि दोन दिवसांत प्रक्षेपण परत सुरू झालं. त्यांच्याकडे इंटरनेटची सोय आधीपासून होती. संकट आल्यावर पासवर्ड शोधत बसले नाहीत.

तरीही केंद्रं बहुधा सरकारमुळे बंद पडत नाहीत, कार्यक्रम संपल्यामुळे पडतात. रोज आठ तास म्हणजे आठवड्याला ५६ तास. एका तासाच्या नीट बांधलेल्या कार्यक्रमामागे एका माणसाचा पूर्ण दिवस जातो. उत्साहात आठ तास जाहीर होतात, दुसऱ्या महिन्यात सहा तास गाणी वाजतात. रोज दोन तास घ्या, तेच दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावा. मुलाखत रिकाम्या खोलीत घेऊ नका. भिंतींना गाद्या-रजया टेकवा, माईक वीतभर अंतरावर, पातळीची शिखरं उणे ६ डेसिबलच्या खाली. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करा, संपादनात काप झाकायला तीच लागते. तयार झालेला कार्यक्रम एकदा स्वस्तातल्या फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे शब्द कळले नाहीत तर खर्ज कापा, पार्श्वसंगीत काढा. पार्श्वसंगीत काढाच.

आता परतीची वाट. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या ५ जिल्ह्यांत, पुणे केंद्रावरून, सुमारे १५० गावांत श्रोतृगटांचा प्रयोग झाला: आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, गटात बसून ऐकायचं, चर्चा करायची, प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे आणि उत्तरं पुढच्या प्रसारणात. सगळा जीव त्या परत येणाऱ्या प्रश्नांत होता. १९८२ मध्ये पोलंडमधल्या वॉर्सात सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेच्या गुप्त रेडिओने श्रोत्यांना घरातले दिवे चालू-बंद करायला सांगितलं; खिडक्या लुकलुकल्या आणि किती लोक ऐकताहेत ते शहरालाच दिसलं. इटलीतल्या बोलोन्यात रेडिओ आलीचे या केंद्राने १९७६-७७ मध्ये फोन थेट प्रसारणात जोडले. तसं करायचं तर आज सात ते दहा सेकंदांचा विलंब बसवा आणि फोन करणाऱ्याला सगळ्यांत आधी स्वतःचा रेडिओ बंद करायला सांगा, नाहीतर तो आपलाच उशिरा येणारा आवाज ऐकून बोलायचा थांबतो. थेट जमत नसेल तर ध्वनिपेटी ठेवा, पण ‘आपलं मत कळवा’ असं विचारू नका. ‘आज तुमच्या नळाला पाणी किती वाजता आलं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला भाषणं येतात, दुसऱ्याला उत्तरं.

ज्यांचा आवाज घेता त्यांच्या जिवाचाही विचार करा. आवाज जाड-बारीक केल्याने माणूस लपत नाही; सूर परत मूळ जागी आणता येतो, आणि बोलायची लकब तशीच राहते. धोका असेल तर त्याचे शब्द दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि तसं सांगा. पोस्टर लावतानाचे फोटो टाकण्याआधी फाइलमधली जागेची नोंद पुसा. मूळ रेकॉर्डिंग कुणाकडे आणि किती दिवस राहणार, हे बोलणाऱ्याला रेकॉर्डिंगच्या आधी सांगा.

पैशाचं शेवटी, कारण तुम्ही ते पहिल्यांदा विचारता. बोलिव्हियाच्या खाणकामगारांनी आपल्या पगारातून कापून दिलेल्या वर्गणीवर रेडिओ केंद्रं चालवली. जुलै १९८० च्या लष्करी बंडात एकेक केंद्र सैन्याच्या हाती पडत असताना उरलेली केंद्रं साखळी करून बोलत राहिली. ती केंद्रं ज्यांची होती त्यांनीच राखली. एकाच देणगीदाराकडून ट्रान्समीटर घेण्यापेक्षा हजार घरांकडून केबल घ्या.

पुढच्या बैठकीला आम्हाला बोलावणार असाल तर तीन गोष्टी लिहून आणा: तुमच्याशिवाय हे गाणं कोण गाणार, तुमचा मजकूर खोडून या पोस्टरवर दुसरं काय लिहायची मुभा आहे, आणि रेडिओवर तुमच्यावर टीका करणारा फोन आला तर तो कोण घेणार. तिसऱ्यावर समितीत एकमत होत नसेल तर मनोऱ्याची ऑर्डर तूर्त थांबवा. बाकीच्या दोन कामांना आम्ही येतो. दोऱ्या आणि चिमटे तुम्ही आणा.

आपले,
गाण्याची, छपाईची आणि रेडिओची कामं करणारे काही जण